खोली छोटी, उजेड मोठा



विज्ञानाचा एखादा प्रयोग मोबाइलवर चित्रित करायचाय. खोली दहा बाय दहाची. बोलणारे तुम्ही आणि चित्रण करणारेही तुम्हीच. पण चेहरा दिसतो काळवंडलेला! मग बाबांच्या मागे लकडा सुरू, "मोठा लाइट घेऊन द्या ना!"

थांबा. आधी आपल्या वर्धा जिल्ह्यातली एक गोष्ट ऐका.

सेवाग्राम आश्रमात कनू गांधी राहत. गांधीजींच्या पुतण्याचे हे चिरंजीव. त्यांना गांधीजींचे फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आला. पण गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि आश्रम पैसे देणार नाही! मातीच्या भिंतींच्या कुटीत उजेड तो किती असणार? पण कनूभाईंनी आहे त्याच उजेडात कितीतरी सुंदर फोटो काढले.

तेव्हा पहिला दिवा म्हणजे तुमची खिडकी! तिच्याकडे तोंड करून बसा, पाठ करून नव्हे. ती एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरी चादर टांगा. चेहऱ्याची काळी बाजू उजळेल.

संध्याकाळी मात्र दिवा हवाच, आणि तोही सतत जळणारा. फ्लॅश क्षणभर चमकतो, चित्रणाला तो काय कामाचा? पूर्वी लग्नात व्हिडिओवाले हॅलोजन लावायचे, आठवतं का आईबाबांना? नवरा-नवरी घामाघूम! आता ९ वॅटचा एलईडी बल्ब जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो आणि तापतोही कमी.

बल्ब घेताना खोका वाचा बरं का. २७०० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. दोन्ही एकदम लावलेत तर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा! खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त असेल तर रंग खरे दिसतात. आणि पैसे देण्याआधी दुकानातच बल्ब लावून मोबाइलमधून पाहा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब लुकलुकतोय. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

आता छोट्या खोलीची गंमत. दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथा हिस्सा उरतो. म्हणजे दिवा जवळ असला की छोटासाही पुरतो. तो थेट तोंडावर न रोखता पांढऱ्या भिंतीकडे वळवा. सगळी भिंतच मऊ उजेडाचा मोठा दिवा होईल! दिव्यावर कापड किंवा कागद मात्र गुंडाळू नका. मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे बसा, म्हणजे सावली ठळक पडणार नाही.

आणि एकटे असताना उजेड तपासायचा कसा? तुमच्या जागी खुर्चीवर दप्तर ठेवा, त्यावर टोपी घाला आणि पाहा मोबाइलमध्ये!

एवढं करून बघा, मगच बाबांकडे जा. आश्रमाने पैसे दिले नाहीत, म्हणून कनूभाईंचं काम काही अडलं नाही. तुमचं तरी का अडावं?