परीक्षक पुढे उभे राहतात तेव्हा

हिवाळा लागला की सातारा-सांगलीतल्या महाविद्यालयांत ‘आविष्कार’ची धांदल सुरू होते. 2006 पासून भरणारा हा राज्याचा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव. शिवाजी विद्यापीठाच्या मुलांना त्यात आधी आपापल्या जिल्ह्यात उतरावं लागतं, मग विद्यापीठात, आणि तिथं निवड झाली तरच राज्यात. भाषा-मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंतचे गट असतात. पोस्टरसमोर उभं राहायचं, विषय मांडायचा आणि परीक्षक विचारतील त्याला उत्तर द्यायचं.

या मुलांच्या तालमी ऐकायला मला अधूनमधून बोलावतात आणि मी आनंदानं जातो. तिथं दरवेळी एक गोष्ट खटकते. तयारीचे बहुतेक दिवस पोस्टरच्या रंगात, छपाईत आणि पाठांतरात जातात. इंग्रजीतली चार मिनिटं घोटून घोटून इतकी गुळगुळीत होतात की बोलणाऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध उरत नाही. परीक्षकानं मध्येच थांबवून ‘हे असंच का केलं?’ विचारलं की मुलगा आधी मार्गदर्शक सरांकडे पाहतो. वास्तविक खरी परीक्षा तिथं सुरू होते, आणि तयारी करायची ती तेवढ्यासाठीच.

तासगाव भागातल्या एका मुलीचा विषय बेदाण्याचा होता. घरचीच शेड. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या कप्प्यांवर पसरायची, सावलीत वाळवायची. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. वरच्या आणि खालच्या कप्प्यातला माल एकाच वेळी वाळत नाही, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक. तिनं ते वजन करून पाहिलं होतं. पोस्टरवर मात्र अर्धी जागा द्राक्षाच्या जागतिक उत्पादनानं व्यापलेली, आणि तिचे स्वतःचे आकडे खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत.

मी तिला विचारलं, ‘सगळ्या कप्प्यांतली द्राक्षं एकाच बागेतली होती का गं? एकाच दिवशी तोडलेली?’

‘हो सर, एकाच प्लॉटची. पण खालच्या कप्प्यात माल जरा दाट पडला होता.’

‘मग ते पोस्टरवर का नाही?’

‘ते चुकलेलं आहे ना, म्हणून सरांनी काढायला सांगितलं.’

काढायला सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण तेच तिच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाक्य होतं. खालचा माल उशिरा वाळला तो हवा कमी लागल्यामुळे की दाट पसरल्यामुळे, हे या मोजणीतून सांगता येत नाही. ज्या मुलीला हे उमगलं तिला संशोधन कळलं, असं मी मानतो. ते वाक्य आम्ही मोठ्या अक्षरांत वर घेतलं आणि जागतिक उत्पादन सगळं काढून टाकलं.

आपल्याकडच्या मुलांना विषय शोधायला लांब जावं लागत नाही, आणि तरी ती लांबचेच विषय आणतात याचं मला वाईट वाटतं. कासच्या परिसरात फुलणारा वायतुरा घ्या. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि श्रीरंग यादव यांनी 1982 साली या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिच्या शास्त्रीय नावात सातारा कायमचा गेला, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’. गुराखी आणि वाटसरू ज्या पठारावरून पिढ्यान्‌पिढ्या जात होते, तिथलंच हे झाड. किंवा पूर घ्या. सांगलीत ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. त्या पाण्याच्या खुणा पूरपट्ट्यातल्या कितीतरी भिंतींवर उमटल्या. आपल्या गल्लीतल्या खुणा टेप लावून मोजल्या, घराघरात पाणी कुठल्या दिवशी शिरलं ते विचारून लिहून ठेवलं आणि पुलावरच्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर पदवीच्या मुलांनाही भक्कम काम उभं करता येईल. त्याला महागडं यंत्र लागत नाही. 1919 साली काले गावात कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून या मुलखात घरातलं पहिलंच शिकणारं मूल महाविद्यालयापर्यंत पोचत आलं आहे. शेत, गोठा, शेड, नदी यांची जी माहिती ही मुलं अंगावर वागवत येतात, ती दुसऱ्या कुणाकडे नसते.

म्हणून तालमीचा माझा आग्रह एवढाच असतो: पहिली तालीम घरी, मराठीत, आईवडिलांपुढे करा. बेदाण्याची शेड चालवणारा बाप ‘असं कुठं असतंय?’ म्हणाला, तर त्याला पटेपर्यंत बोला. त्याच्याइतका कडक परीक्षक जिल्ह्यात भेटणार नाही. इंग्रजी त्यानंतर घ्या. जे मराठीत नीट उमगलं आहे ते मोडक्या इंग्रजीतही पोचतं. दुसरी तालीम वेगळ्या विषयाच्या मित्रांपुढे करा, त्यांना फक्त प्रश्न विचारायला सांगा आणि उत्तर न आलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. ‘हे मी मोजलेलं नाही’ हे वाक्य मान वर करून म्हणायचाही सराव करा. अनुभवी परीक्षक त्या वाक्याचे गुण कापत नाहीत. ते कापतात थापेचे.

बेदाण्याच्या त्या मुलीला जिल्हा पातळीवर परीक्षकांनी नेमकं दाट पसरलेल्या मालाबद्दलच विचारलं. पुढच्या हंगामात प्रत्येक कप्प्यात सारख्याच वजनाचा माल पसरायचा, शेडच्या कडेचे आणि मधले रॅक वेगळे मोजायचे आणि वर-खाली तापमापक टांगायचे, असं तिनं तिथल्या तिथं सांगितलं. एक रॅक द्यायला वडील कबूल झाले आहेत. फेब्रुवारीत द्राक्षं उतरली की ती मोजणीला लागेल.