खोक्यावरची बारीक अक्षरं

गेल्या दिवाळीत आईसाठी खिशात मावेल असा एक म्युझिक प्लेअर घेतला. तिला फोनवर गाणी लावता येत नाहीत असं नाही, पण ऐन रंगात आलेल्या गाण्यात कुणाचा तरी फोन येतो आणि ती वैतागते. दुकानात मी सगळं नीट विचारलं होतं. बॅटरी किती तास चालते, किती जीबी, कार्ड घालता येतं का, बटणं मोठी आहेत का. घरी येऊन कार्डावर तिचा सगळा संग्रह भरला. नाट्यगीतं वाजली, भावगीतं वाजली. आणि तिला जे खरं ऐकायचं होतं, म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, तेवढंच वाजेना. यादीत त्यांचं नावसुद्धा दिसेना.

"तू भरायलाच विसरलास," आई म्हणाली. भरल्या होत्या हो!

कारण सापडायला वेळ लागला नाही, आणि दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. २००५ साली मामाकडच्या कॅसेटवरून त्या ओव्या मीच संगणकात उतरवल्या होत्या, डब्ल्यूएमए प्रकारात. एमपी३च्या निम्म्या जागेत तेवढाच चांगला आवाज, असं तेव्हा म्हणायचे आणि माझी हार्डडिस्क कायम भरलेली. नव्या प्लेअरच्या खोक्यामागे बारीक अक्षरांत एक ओळ होती: एमपी३, एएसी, फ्लॅक, वेव्ह. डब्ल्यूएमए नाही. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की प्लेअर घेताना ती ओळ सगळ्यात आधी वाचावी. आणि तिच्याही आधी, आपल्या घरात नेमकं काय आहे ते बघावं. आपण करतो उलटं. आधी वस्तू आवडते, मग आपला संग्रह तिच्यात कोंबायला बघतो.

हे दुखणं काही आजचं नाही. २००१ साली आलेला आयपॉड डब्ल्यूएमए वाजवत नसे. पुढे २००४ मध्ये विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये कुलूप नसलेल्या डब्ल्यूएमए फाइली बदलून घ्यायची सोय झाली, पण प्लेअर स्वतः त्या कधीच वाजवायचा नाही. सोनीचे बरेच डिजिटल वॉकमन २००४ पर्यंत एमपी३ थेट वाजवत नसत, गाणी आधी त्यांच्या अ‍ॅट्रॅकमध्ये बदलावी लागत. सगळ्यात मोठी गंमत मायक्रोसॉफ्टची. २००४ मध्ये त्यांनी 'प्लेजफॉरशुअर' नावाचा शिक्का काढला, म्हणजे 'नक्की वाजणार'. आणि २००६ मध्ये त्यांचाच झून नावाचा प्लेअर आला, तर त्या शिक्क्याच्या दुकानांतून विकत घेतलेली कुलूपबंद गाणी त्यावर वाजेनात! शिक्के कंपन्यांचे असतात, संग्रह आपला असतो. एमपी३ मात्र टिकलं. सगळीकडे वाजतं म्हणून सगळे ते वापरत राहिले, आणि २०१७ मध्ये तर त्याचे परवाने देणंही बंद झालं, कारण पेटंटची मुदत संपली होती.

तर मंडळी, मी आता काय करतो ते सांगतो. आधी फाइलींची आडनावं बघायची. किती एमपी३, किती डब्ल्यूएमए, जुन्या मोबाइलवर केलेलं एएमआर रेकॉर्डिंग आहे का, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले निरोप ओपस प्रकारात आहेत का. पण आडनावावरूनही माणूस पुरता कळत नाही. एम४ए नावाच्या फाइलीत एएसी असू शकतं किंवा अ‍ॅपल लॉसलेस, आणि एक वाजवणारा प्लेअर दुसरं वाजवेलच असं नाही. फ्लॅकचंही तसंच, साध्या सीडीच्या दर्जाचं वाजतं, पण २४ बिट ९६ किलोहर्ट्झचं काही स्वस्त प्लेअरना झेपत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारची एकेक फाइल कार्डावर घ्यायची आणि दुकानातच लावून बघायची. त्यात एका फाइलीचं नाव देवनागरीत ठेवायचं. नाहीतर घरी आल्यावर ओव्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. दुकानदार कार्ड लावू देत नसेल तर दुसरं दुकान.

यावर माझा मित्र म्हणतो, "अरे, फाइल बदलून घ्यायची की. फुकट प्रोग्रॅम मिळतात." खरंय, मीही तेच केलं. पण एमपी३ काय किंवा डब्ल्यूएमए काय, जागा वाचवण्यासाठी आवाजातला काही भाग टाकूनच देतात. एकातून दुसऱ्यात गेलं की पुन्हा थोडा भाग जातो, आणि गेलेला परत येत नाही. म्हणून मी ओव्या फ्लॅकमध्ये बदलल्या. त्याने हरवलेलं मिळालं नाही, पण आणखी काही हरवलं नाही. सीडीच्या दर्जाचा तासभर आवाज वेव्हमध्ये साधारण ६३५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. आजच्या कार्डांना हे काहीच नाही. २००५ साली मी जी काटकसर केली, ती आज केविलवाणी वाटते.

"हल्ली सगळं नेटवर मिळतं, फाइली कशाला जपायच्या?" असंही कुणी म्हणेल. सिनेमाची गाणी मिळतील. आजी मिळणार नाही. जे दुसऱ्या कुणाकडेच नाही त्याचीच ही काळजी घ्यायची, आणि तेच नेमकं आपण कुठल्या तरी जुन्या फोल्डरमध्ये टाकून विसरतो.

असो. आई आता दुपारी खिडकीत बसून ओव्या ऐकते. मधेच जात्याची घरघर वाढते आणि एक शब्द बुडतो. तो कॅसेटवरच बुडला होता की माझ्या काटकसरीत, हे मला सांगता येत नाही. म्हणून मामा, हे वाचत असशील तर एक विनंती. ती कॅसेट अजून माळ्यावर असेल तर टाकू नकोस. बुरशी धरली असली तरी टाकू नकोस. मी येतो घ्यायला.