एक पाटा जास्त

गेल्या माघात माझी वहिनी निफाडहून नाशिकला एसटीने आली. यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. सांगण्यासारखं हे, की त्याच सकाळी तिचा सख्खा मुलगा आपली पिकअप घेऊन नाशिकलाच येत होता आणि त्याच्या शेजारची सीट रिकामी होती. मणक्याच्या डॉक्टरांची वेळ अकराची होती. वहिनी उन्हातून घामाघूम होऊन आमच्या दारात उभी राहिली आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "भाऊजी, त्याच्या गाडीत बसले असते तर डॉक्टरांना दुप्पट फी द्यावी लागली असती!"

आम्ही हसलो. पुतण्या मागाहून आला, तो मात्र हसला नाही. कर्ज काढून घेतलेल्या गाडीत आई बसत नाही, हे त्याला लागलं होतं. त्याने दिवाळीत या गाडीवर चांगला खर्च केला होता. मागच्या कमानींमध्ये दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवला होता आणि आसाच्या वर दोन इंची लोखंडी ठोकळे बसवून घेतले होते. गाडी मागून चांगलीच उंच झाली. वस्तीवरच्या पोरांनी कौतुक केलं. मळ्याच्या रस्त्यावर बूड घासणं थांबलं, द्राक्षांच्या क्रेटची आणखी एक थप्पी चढू लागली. आणि गाडी लाकडाच्या ओंडक्यासारखी आदळू लागली.

ही एका घरची गोष्ट असती तर मी रविवारच्या पानावर आणली नसती. पण निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही रस्त्यावर हंगामात अर्धा तास उभं राहून पाहा. नाक खाली आणि शेपूट वर केलेल्या किती पिकअप जातात ते मोजता मोजता थकाल. ज्या गावात बोलेरो आणि स्कॉर्पिओ तयार होतात, जिथे सातपूर-अंबडच्या प्रत्येक गल्लीत गाडीचा कुठला ना कुठला भाग घडवणारा माणूस राहतो, त्या नाशिकच्या परिसरात आपण गाडीच्या कमानीशी इतकं अडाणीपणाने वागावं याचं मला नवल वाटतं. मीही तीस वर्षं याच वसाहतीत यंत्रांजवळ काढली, म्हणून थोडं अधिकाराने बोलतो.

कमान म्हणजे काही वजन तोलणारा खांब नव्हे. तिचं काम वाकण्याचं आहे. लंडनच्या ओबडाया इलियट नावाच्या बग्गीवाल्याने 1804 साली लंबगोल कमानींचं पेटंट घेतलं, ते बग्गीत बसणाऱ्यांची हाडं वाचावीत म्हणून. आपल्या बैलगाडीला कमान नव्हती, तर आपली माणसं खाली पेंढा अंथरत, वर घोंगडी टाकत. धक्का कुठेतरी जिरला पाहिजे, हे त्यांना न शिकता कळत होतं.

आता हिशेब पाहा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. सात मिलिमीटरच्या पाट्याऐवजी नऊ मिलिमीटरचा घातला, की तो एकटा जुन्या दोन पाट्यांइतका ताठ. म्हणजे सहा पाट्यांच्या कमानीत असा एक वाढवला तर ती जवळजवळ आठ पाट्यांची होते. त्यात रिकाम्या पिकअपच्या मागच्या बाजूला वजन असतं कितीसं? वजनाने कमान पंचवीस सेंटिमीटर दबली तर गाडी सेकंदाला एकदा सावकाश झुलते. चारच सेंटिमीटर दबली तर अडीच वेळा, आणि एकच सेंटिमीटर दबली तर पाच वेळा. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला चार ते आठ या टप्प्यात. पोट, पाठ, मणके सगळे तिथे साथ देऊन थरथरतात. वहिनीच्या भाषेत, "आतडी सुटतात."

बरं, माल तरी सुखात जातो म्हणावं, तर तेही नाही. पुतण्याने नंतर कबूल केलं, की खालच्या क्रेटमधले मणी देठापासून सुटू लागले होते आणि व्यापारी भाव पाडून मागत होता. तो दोष त्याने आधी पाण्याला दिला, मग वाणाला, मग मजुरांना. पाट्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

एका रविवारी आम्ही दोघं आडगाव नाक्याकडच्या एका जुन्या कमान-पाटेवाल्याकडे गेलो. सत्तरीचा माणूस. त्याने आधी गाडीला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "हवा किती?" पुतण्या म्हणाला, "साठ पौंड." "आणि गाडी रिकामी? दारावरची चिठ्ठी कधी वाचली का?" चिठ्ठीवर रिकाम्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा बराच कमी होता. भरल्या गाडीची हवा भरून रिकामी गाडी पळवणं, हा आपल्याकडचा सार्वत्रिक आजार आहे. पंपावर हवा फुकट मिळते म्हणून की काय, आपण ती सढळ हाताने भरतो.

मग तो खाली सरकला. पाट्यांच्या मध्ये गंज साचला होता. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान वाकते. ते गंजून चिकटले तर लहानसहान धक्क्याला कमान हलतच नाही, सगळी गाडी नुसत्या टायरवर उसळते. दुसरी चूक त्याहून गमतीची. दिवाळीतल्या मिस्त्रीने गाडी जॅकवर टांगलेली असतानाच कमानीच्या डोळ्यांचे नट करकचून आवळले होते. आतलं रबरी बूश त्या अवस्थेत जखडलं गेलं. गाडी जमिनीवर टेकल्याबरोबर रबर पिळवटलं, आणि तेव्हापासून ते सतत उलटा जोर लावत होतं. हे नट चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनाने बसल्यावरच शेवटचे आवळायचे असतात.

तिसरं कारण ठोकळ्यांचं. ठोकळ्याने कमान ताठ होत नाही, हे खरं. पण आस चासीपासून पाच सेंटिमीटर दूर गेला आणि शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच लांबीचा राहिला. तो उभ्या गाडीतच जवळजवळ पुरता ताणलेला. चाक खड्ड्यात उतरलं की त्याला आणखी लांबायला जागा नाही, म्हणून खटकन आवाज यायचा. तो आवाज पुतण्या चार महिने फाळक्याचा समजत होता.

इथपर्यंतचं सगळं पाठीचं दुखणं झालं. पुढचं ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. अनेक पिकअपना मागच्या आसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी भाराने किती दबली आहे हे तो एका दांडीवरून ओळखतो आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला कमीजास्त दाब देतो. गाडी ठोकळे घालून उंच केली, की त्या बिचाऱ्याला वाटतं, गाडी रिकामीच आहे. मग भरल्या गाडीतही तो मागच्या चाकांना ब्रेक कमी देतो. म्हातारा शांतपणे म्हणाला, "दादा, ही गाडी भरून कसारा घाट उतरला का कधी?" पुतण्या मुंबईला माल घेऊन चारदा गेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

उपाय काय केला? ठोकळे काढले. वाढवलेले पाटे काढले. पाटे सुटे करून घासले, ग्रॅफाइटचं ग्रीस लावून पुन्हा बांधले, नवे बूश घातले, नट गाडी जमिनीवर ठेवून आवळले, व्हॉल्व्हची दांडी पुन्हा जुळवली. हा खर्च दिवाळीतल्या खर्चापेक्षा कमी झाला. पुतण्याने विचारलं, "काका, मग जास्तीचा माल कसा न्यायचा?" मी म्हटलं, दोन खेपा कर. उत्तर सोपं होतं, पण डिझेल त्याच्या खिशातून जाणार होतं, माझ्या नाही. हे मला त्या वेळीही जाणवलं.

तरीही माझं मत मी बदलत नाही. पाटा वाढवून गाडीची वजन नेण्याची कुवत वाढत नाही. आस तोच, बेअरिंग तीच, ब्रेक तेच. कारखान्याने अशा गाड्यांना बहुधा भार पडल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा दिलेला असतो. रिकाम्या गाडीत तो बाजूला राहतो, ही युक्ती आपल्या जाड पाट्याहून कितीतरी शहाणी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही सांगतात की कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पण कायद्याचा धाक मी बाजूला ठेवतो. घाटात कायदा नसतो, ब्रेक असतो.

दोष सगळा पुतण्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलाईचा हवा. आपल्या गावोगावी तो वीतभर उंच आणि हातभर रुंद असतो, कधी कुणाच्या लग्नाआधी रातोरात उगवलेला. अशा रस्त्यावर माणसाला गाडी उंच कराविशी वाटली तर त्याला नुसतं अडाणी म्हणून मोकळं होता येत नाही. रस्त्याने खायचा मार आपण कमानीला खायला लावतो, आणि कमान ताठ केली की तो आपल्याच मणक्यापर्यंत येतो.

चैत्रात वहिनी पुन्हा तपासणीला आली, मुलाच्या गाडीतून. चांदोरीपर्यंत ती दारावरची मूठ घट्ट धरून बसली होती, असं पुतण्या सांगतो. पुढे कधी सोडली ते त्याला कळलं नाही. आडगावला पोचेपर्यंत ती झोपली होती. काढलेले दोन पाटे त्याने अजून विकलेले नाहीत, शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेत. परवा गेलो तेव्हा वहिनीने त्यांतल्या एकाचा ताडपत्री उडू नये म्हणून दाब केला होता.