दीड तासाचं विमान, सहा तासांचा प्रवास

माझी नागपूरची मैत्रीण. प्रवेशासाठी मुंबईत मुलाखत, सकाळी साडेदहाला, चर्चगेटजवळ. बोलावणं आलं फक्त चार दिवस आधी. दुरांतोला वेटिंग. मग घरच्यांनी पैसे जमवून विमानाचं तिकीट काढलं. सव्वासातला उड्डाण, पावणेनऊला मुंबई. दीड तासाचा तर प्रवास! ती पोहोचली अकरा वाजता. तिचा नंबर होऊन गेला होता. ‘उशिरा आलेल्यांना घेत नाही,’ एवढंच उत्तर मिळालं.

चूक कुणाची? आधी गणित बघू.

नागपूर ते मुंबई हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने पन्नासेक मिनिटांत संपायला हवं. पण विमान तो वेग फक्त मधल्या टप्प्यात गाठतं, चढता-उतरताना नाही. शिवाय तिकिटावरची वेळ मोजतात ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, थोडी राखीव मिनिटंही आली. म्हणून दीड तास. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दी झाली की विमान वर घिरट्या घालतं. मैत्रिणीचं विमान अशीच पंचवीस मिनिटं फिरत होतं.

आता जमिनीवरचा हिशेब. घर ते विमानतळ ४० मिनिटं. उड्डाणाच्या दोन तास आधी पोहोचायचं. विमानात ९० मिनिटं. उतरून बॅग हातात यायला ४० आणि पुढे शहरात एक तास. बेरीज ३५० मिनिटं, म्हणजे जवळपास सहा तास. आणि हे सगळं वेळेवर झालं तर! गंमत अशी, की आदल्या रात्री निघालेली दुरांतो सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला येते. तिथून चर्चगेट चालत जाता येतं.

म्हणजे विमान वाईट का? अजिबात नाही. पण तिकिटावरचा आकडा हा विमानाचा वेळ आहे, आपला नाही. आपण मोजायचं ते दारापासून दारापर्यंत. परीक्षा किंवा मुलाखत असेल तर शक्यतो आदल्या दिवशीच पोहोचा. ते जमत नसेल तर फक्त हातातली बॅग घ्या. टर्मिनलवरून टॅक्सीऐवजी मेट्रो ३ पकडा, ती ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. विमान कंपनीच्या साइटवर विद्यार्थी सवलत आहे का तेही बघा.

पण सगळा शहाणपणा आपणच का दाखवायचा? नागपूर, गोंदिया, गडचिरोलीच्या मुलांना मुंबई-पुण्यात सकाळी साडेदहाला बोलावणाऱ्या संस्थांनीही नकाशा उघडून बघावा. बोलावणं किमान पंधरा दिवस आधी पाठवा, म्हणजे रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळण्याची आशा तरी राहील. लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ द्या. पहिली फेरी ऑनलाइन घ्या. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

पहाटे साडेचारला घर सोडलेली मुलगी अकराला दारात उभी होती. तिला ‘वेळेची किंमत नाही’ असं कुणी म्हणू नये. तिने त्या वेळेची किंमत तिकिटाच्या पैशात मोजली होती.