गाव कुणाचं, आडनाव कुणाचं?

मसुऱ्याचे ते मसुरेकर, आचऱ्याचे ते आचरेकर. इंग्रजांचं ‘न्यूटन’ही मुळात ‘नवं गाव’च. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याबरोबर हे ‘कर’ जन्मभर राहतं. मसुरेकरांची लेक मात्र लग्न होऊन जवळच्याच आचऱ्याला गेली, की मसुरे तिच्या नावातून पुसलं जातं. मैत्रिणींनो, लग्नानंतर बाईने आडनाव बदललंच पाहिजे, असं कुठलाही कायदा सांगत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलं. हे चांगलंच झालं. पण पुढे आडनाव लागतं ते बहुतेक घरांत बापाचंच. आपलं गाव नावात ठेवायचं की नाही, हे ज्या बाईचं नाव तिनेच ठरवायला हवं.