महिनाभराचा ‘आयर्नमॅन’

३.८६ किलोमीटर पोहायचं, लगेच १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग ४२.२ किलोमीटर धावायचं. हवाईतल्या ओआहू बेटावर १९७८ मध्ये ही शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. हीच ‘आयर्नमॅन’. ती साधारण १७ तासांत संपवावी लागते. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिकला ती पूर्ण केल्यावर आपल्याकडेही या नावाची बरीच चर्चा झाली.

अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक व्यायामशाळा हेच अंतर सभासदांना एका दिवसाऐवजी महिनाभरात कापायला सांगतात, तेही छपराखाली. तलाव, जागेवरची सायकल आणि ट्रेडमिल वापरायची, रोजचा आकडा तक्त्यावर लिहायचा. हा उपक्रम बहुतेकदा थंडीच्या दिवसांत असतो. त्याला गमतीनं ‘आळशी माणसाचा आयर्नमॅन’ही म्हणतात. खऱ्या शर्यतीत उतरणाऱ्यांना हा पोरखेळ वाटेल, पण हिशेब करून पाहू.

फेब्रुवारीचे २८ दिवस धरले, तर आठवड्याला सुमारे एक किलोमीटर पोहणं, ४५ किलोमीटर सायकल आणि साडेदहा किलोमीटर चालणं किंवा धावणं वाट्याला येतं. नवखा माणूस ताशी दोन किलोमीटर पोहतो, वीसच्या वेगानं सायकल मारतो आणि सहाच्या वेगानं भरभर चालतो असं समजू. आठवड्याचे साधारण साडेचार तास, म्हणजे २७० मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची. म्हणजे ‘आळशी’ म्हणून हिणवलेला हा उपक्रम प्रकृतीसाठी अगदी मापात बसतो. सलग दहा मिनिटं झाली तरच व्यायाम मोजायचा, ही जुनी अटही त्याच वेळी गेली. त्यामुळे तुकड्यातुकड्यानं अंतर कापणं ही फसवणूक नव्हे.

तीन प्रकारांच्या मिश्रणाचाही फायदा आहे. पोहताना आणि सायकलवर गुडघ्यांवर भार कमी येतो. पण त्याच कारणानं हाडांना त्यातून फारसं बळ मिळत नाही. ते काम चालणं-धावणं करतं. स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम मात्र या तक्त्यात नाही. तो आठवड्यातून दोनदा हवा, असं तीच शिफारस सांगते.

माझा आक्षेप आहे तो महिन्याच्या एकूण आकड्याला. पहिले दोन आठवडे कामात जातात, मग तक्त्यावर शेजाऱ्याचं नाव पुढे दिसतं आणि शेवटच्या पाच दिवसांत शंभर किलोमीटर सायकल हाणली जाते. सवय नसलेल्या शरीरावर असा अचानक मारा झाला, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरू शकतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. जागेवरच्या सायकलींच्या जोरकस वर्गांनंतर असे रुग्ण आढळले आहेत. असह्य अंगदुखी, सूज आणि कोऱ्या चहासारखी लघवी दिसली, तर थेट रुग्णालय गाठावं. म्हणून उद्दिष्ट आठवड्याचं ठेवावं आणि हुकलेला आठवडा हुकला म्हणून सोडून द्यावा.

यंत्रावरच्या किलोमीटरवरही फार विसंबू नये. जागेवरच्या सायकलीचा ताण कमी केला, की बऱ्याच यंत्रांवर आकडा नुसता पळतो. त्यापेक्षा मिनिटं मोजावीत आणि श्वासाकडे लक्ष द्यावं: बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम लागला की व्यायाम मध्यम.

२०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असं ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या पाहणीत दिसलं; स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के. आपल्या सोसायटीत तलाव नसेल, तरी दोन प्रकारांवर हा तक्ता मांडता येतो. फक्त तो एका महिन्याचा नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, काहींना याहून कितीतरी जास्त. फेब्रुवारीत तक्ता लावलाच, तर तो एप्रिल उजाडेपर्यंत भिंतीवरून काढू नये.