जोडावरची नळी

आषाढसरी लागल्या की घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांत बाहेरच्या फलकाचा दिवा प्रथम कुरबुर करतो. कारण पुष्कळदा तारेच्या जोडावर गुंडाळलेली काळी पट्टी असते. उन्हाने तिचा चिकटा सुटतो, ओल आत शिरते. मालाचा विमा न चुकता भरणारे व्यापारी त्या जोडाकडे मान वर करून पाहत नाहीत, हे बँकेच्या नोकरीत अनेक दुकानांतून पाहिले.

पट्टीऐवजी हीट श्रिंक नळी वापरावी. वायरमन तिला स्लीव्ह म्हणतात. लोहार चाळीत ती सहज मिळते. गरम हवा लागताच साधी नळी सुमारे निम्म्या व्यासापर्यंत आवळते आणि पुन्हा सैल होत नाही. मात्र जोड करण्यापूर्वीच ती तारेत ओवावी लागते. उघड्यावरच्या जोडाला आतून गोंद असलेली, ३:१ प्रमाणात आकसणारी नळी घ्यावी. साधी नळी पाणी पुरते अडवीत नाही. काडेपेटीच्या ज्योतीने ती करपते, हॉट एअर गन बरी.

दुसरी वस्तू केबल ग्लँड. मेन स्विचच्या पेटीत तार शिरते तेथील उघड्या भोकातून पाल, झुरळ आत जाते. जीवही जातो आणि शॉर्टसर्किटही होते. मापाची ग्लँड बसवावी, रिकाम्या भोकास बूच लावावे. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी एवढी जयणा त्या पेटीपाशीही पाळावी.

जळका वा सैल जोड मात्र नळीखाली झाकू नये. वीज बंद करून तो परवानाधारक वायरमनकडून नव्याने करून घ्यावा. आणि बाहेर केबल टाय लावायचे तर काळे लावावेत, पांढरे उन्हात लवकर तडकतात.